प्रकल्प नोंदी: कृष्णेच्या खोऱ्याची विषयवार गाईडबुकं, पुस्तक पहिलं 'पाणी'

17 नोव्हेंबर 2024

ठरलं एकदाचं. 'संपूर्ण सातारा जिल्हा दर्शन' टाइपचं काही करायचं नाही. तसली पुस्तकं स्टँडवरच्या स्टॉलवर ढिगाने आहेत आणि सगळी एकाच माणसाने एका बैठकीत लिहिल्यासारखी वाटतात, प्रत्येक ठिकाण निसर्गरम्य, प्रत्येक देवस्थान जागृत, आणि पर्यटकांची सदैव वर्दळ. चार ओळींत प्रतापगड, चार ओळींत कास, चार ओळींत शिखर शिंगणापूर, मधे लॉजची जाहिरात. ते वाचून माणूस तिथे जातो, फोटो काढतो, भजी खातो आणि परत येतो, कारण तिथे उभं राहून नक्की बघायचं काय हे त्यात कुठेच नसतं.

आपलं म्हणजे एक पुस्तक एक विषय. खिशात मावेल एवढं. पहिला विषय पाणी. जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळापासून, म्हणजे उगमापासून, कराडच्या प्रीतिसंगमापर्यंत, म्हणजे कोयना मिळते तिथपर्यंत, कृष्णा जशी खाली येते तशी पानं पुढे जाणार. नियम एकच, पाण्याशी संबंध नाही ते कितीही भारी असलं तरी आत घ्यायचं नाही. टेबललँड बाहेर, स्ट्रॉबेरी बाहेर, कासची फुलं बाहेर पण कासचा तलाव आत कारण सातारकर ते पाणी पितात. इथपर्यंत सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रतापगड पण बाहेर म्हटल्यावर ग्रुपवर तासभर कुणी काही बोललंच नाही.

टीम अशी: लिखाण माझ्याकडे, एक डिझाइनवाली, एक नकाशावाला, आणि मास्तर, म्हणजे रिटायर झालेले इतिहासाचे शिक्षक, मोडी वाचतात आणि भांडतातही सगळ्यात जास्त.

30 नोव्हेंबर 2024

आठवडाभर 1885 च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सातारा खंड वाचतेय. माहिती प्रचंड, साहेबाच्या चिकाटीला तोड नाही, पण गावं लावलीत इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने, त्यामुळे कराड आधी येतं आणि वाई पार शेवटाला. नदी बरोबर उलटी वाहते! कचेरीत बसून एखाद्या गावाची माहिती काढायची असेल तर ते सोयीचं, चालत निघालेल्या माणसाला काही उपयोगाचं नाही. आणि गंमत म्हणजे आजची बरीचशी जिल्हा दर्शनं त्याच सवयीची आहेत, फक्त अक्षरांऐवजी तालुके.

तीर्थयात्रेला निघणारे लोक नदी धरून चालायचे. आपण तेच करायचं. प्रत्येक थांब्याला तीन गोष्टी द्यायच्या: उभं कुठे राहायचं, नजर कुठे टाकायची, आणि हे बांधणाऱ्याला पाण्याचं काय करायचं होतं. इतिहास त्यानंतर. मास्तरांना हा क्रम मान्य नाही, त्यांचं म्हणणं आधी सन सनावळी, मग बाकीचं. बघू.

8 डिसेंबर 2024

धोम आणि मेणवली. वाईतून मेणवली तीनेक किलोमीटर, धोम त्याच्या पुढे.

धोमला महादेवाच्या देवळासमोरचा नंदी बघितला का नीट? तो बसलाय कासवाच्या पाठीवरच्या मंडपात आणि भोवती कमळाच्या पाकळ्यांचं दगडी कुंड. कुंड भरलं की कासव नंदीला पाठीवर घेऊन तरंगतंय असं दिसावं अशी सगळी योजना. आज कुंड कोरडं होतं. नकाशावाला म्हणाला पाणी असतानाचा फोटो मिळवू, हा वाया. मला मात्र कोरडंच आवडलं कारण दगडाचे सांधे दिसतात, पाकळ्या खालपर्यंत कशा गेल्यात ते दिसतं. दोन्ही फोटो शेजारी शेजारी टाकायचे ठरलं, वाचणारा कुठल्याही महिन्यात गेला तरी त्याला उरलेलं अर्धं पुस्तकात बघता येईल. ही कल्पना बाकीच्या थांब्यांना पण लावता येईल असं दिसतंय, कारण पाण्याच्या जागा वर्षातून दोनदा वेगळ्या असतात आणि छापील गाईडमध्ये त्या कायम एकाच दिवसाच्या दिसतात.

मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याच्या मागे नदीवर उतरणारा घाट. गाडीतून उतरणारा प्रत्येक जण पहिल्यांदा विचारतो ते शूटिंग झालेलं झाड कुठलं. असो. घाटावर ती पोर्तुगीज घंटा आहे, 1739 ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हाच्या लुटीतली, वर मेरी आणि बाळ येशूचं चित्र उठावात. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावरची घंटा पण वसईचीच. घंटेवरून वाद झाला. मास्तर म्हणे नियम म्हणजे नियम, घंटेचा पाण्याशी काय संबंध, बाहेर. नकाशावाला म्हणे लोक मारतील आपल्याला. शेवटी दोन ओळी दिल्या आणि 'सविस्तर पुढच्या एखाद्या पुस्तकात' असं लिहिलं. मला स्वतःला घंटेपेक्षा घाट जास्त सांगावासा वाटतो.

कारण असं की आम्ही पायऱ्या मोजत होतो, टेप लावून, तर खाली धुणं धुणाऱ्या एक आजी मगापासून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "काय लिवताय वो ताई?" सांगितलं. तर म्हणे, "देवाचं लिवता, घंटंचं लिवता, आन आमी रोज हितं बसतो त्ये कोन लिवनार?" मग त्यांनीच दाखवलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बायका दोन पायऱ्या खाली सरकतात. धुण्याचा दगड ठरलेला असतो, सासूचा दगड सुनेकडे येतो आणि दुसरीच्या दगडावर कुणी बसत नाही. अंघोळीची जागा धारेच्या वरच्या अंगाला, धुणं खालच्या अंगाला. हे सगळं बिनपाटीचं चालू आहे. डिझाइनवालीने तिथेच बसून घाटाचं कच्चं चित्र काढलं, कुठल्या पायरीवर काय चालतं त्याचं. त्याला पूर्ण दोन पानं द्यायची. नाना फडणवीसांना एक.

12 जानेवारी 2025

लिंब. बारा मोटांची विहीर. साताऱ्यापासून पंधरा सोळा किलोमीटर.

ही विहीर हल्ली फोटोंमुळे बरीच माहीत झालीय, त्यामुळे रविवारी गर्दी असते. बांधणी 1719 ते 1724, छत्रपती शाहूंच्या काळातली, वीरूबाई भोसले यांनी बांधली, शिलालेख आहे. खोली साधारण 110 फूट, व्यास 50 फूट. मुख्य विहीर अष्टकोनी, तिला जोडून पायऱ्यांची आयताकृती बाजू, आणि दोन्हींच्या मधे विहिरीच्या आतच एक छोटा महाल. वरून बघितलं तर शिवलिंगाचा आकार दिसतो, हे सगळीकडे लिहिलेलं असतं. पण वरून बघणार कसं, ड्रोन असल्याशिवाय? उभ्या माणसाला जे दिसत नाही ते पहिल्या ओळीत लिहायचं नाही असं मी मास्तरांना सांगितलं आणि ते चक्क हो म्हणाले.

उभ्या माणसाला दिसतात ती थारोळी. काठावर गोल फिरत गेलं की दगडी बांधणीची जी पुढे आलेली जागा लागते ना, जिथे मोट, म्हणजे विहिरीतून पाणी उपसायची चामड्याची मोठी पिशवी, येऊन रिकामी व्हायची, ते थारोळं. नाव बारा मोटांची पण जागा आहेत पंधरा, बारा मोटा एकावेळी चालायच्या असं सांगतात. लोक त्याच थारोळ्यावर पाय सोडून बसतात आणि आत डोकावून महालाचा फोटो काढतात. आपण कशावर बसलोय हे कुणाला माहीत नसतं, कारण मोट बघितलेली माणसंच आता कमी राहिली.

गावातले एक आजोबा भेटले, त्यांच्या लहानपणी त्यांच्या मळ्यातल्या विहिरीवर मोट होती. त्यांनी काठीने मातीत आकृती काढून सगळं सांगितलं, तेच इथे जसंच्या तसं उतरवून ठेवते म्हणजे पुस्तकात वापरता येईल. मोट चामड्याची, तिला खाली हत्तीच्या सोंडेसारखी लांब नळी. जाड दोर म्हणजे नाडा, तो वरच्या चाकावरून बैलांच्या जुवाला. बारीक दोर सोंदूर, तो खालच्या कण्यावरून, सोंडेच्या तोंडाला बांधलेला. मोट भरून वर येईपर्यंत सोंदूर सोंडेचं तोंड वर धरून ठेवतो म्हणून पाणी सांडत नाही, आणि मोट थारोळ्यापाशी आली की सोंड पुढे ओढली जाऊन आपोआप मोकळी होते, भसाभसा पाणी थारोळ्यात, तिथून पाटाला. माणसाने हात लावायचा नाही कुठे. बैल उताराच्या धावेवरून खाली जातात तेव्हा मोट वर येते, त्यांचं वजन आणि उतार दोन्ही कामाला येतं. आणि मग? मी विचारलं वळवून परत आणायचे का. आजोबा हसले. "वळवतंय कोन. मागं मागं चढायचं त्यानी. फुडं कुनीबी जातंय, बैलाला मागं सरकाय शिकवाय लागतं."

आता हे कळल्यावर परत विहिरीपाशी आलो तर सगळं वेगळंच दिसायला लागलं. प्रत्येक थारोळ्यामागे एक धाव हवी, म्हणजे विहिरीभोवती एवढी मोकळी, उताराची जागा हवी, म्हणजे एका वेळी बारा जोड्या बैल गोल पसरलेले, बारा मोटकरी ओरडतायत. सगळा खटाटोप आमराईला पाणी द्यायला. ही विहीर म्हणजे पंप हाऊस होतं हो, आणि आपण तिला महाल महाल म्हणत बसलोय. महाल सुंदर आहेच, खांबांवरचं कोरीव काम, दाराशी शरभ (सिंहासारखा कल्पित प्राणी), ते घेणारच. पण पुस्तकात आधी मोट.

फोटो मे महिन्यात काढायचे, पाणी सगळ्यात खाली असताना.

9 फेब्रुवारी 2025

वाईत कृष्णाबाईचा उत्सव सुरू आहे. वाईला नदीवर सात घाट, गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड, आणि उत्सव एकाच वेळी सगळीकडे नसतो, एका घाटाचा झाला की दुसऱ्याचा. मांडव, देवीची मूर्ती, कीर्तन, प्रसादाच्या पंगती. नदीलाच देवी मानून तिचा उत्सव. बाहेरचा माणूस वाईला येतो तो महागणपती करून पाचगणीला सुटतो, त्याला याचा पत्ता पण नसतो, आणि वाईकराला वाटतं यात सांगण्यासारखं काय आहे, दरवर्षीचंच तर आहे.

उत्सवाची सुरुवात अफजलखान चालून आला तेव्हाच्या नवसातून झाली असं इथे सगळे सांगतात. मास्तरांना विचारलं लिहू का. म्हणाले लिही, पण सांगतात म्हणून लिही.

कन्यागताचं पण घ्यायचं. गुरू कन्या राशीत आला की वर्षभर गंगा कृष्णेला भेटायला येते अशी श्रद्धा, बारा वर्षांनी एकदा. मागचं 2016 ला झालं, म्हणजे पुढचं 2028. तेव्हा वाईत पाय ठेवायला जागा नसणार. दुसरी आवृत्ती त्याच्या आधी निघायला हवी, आत्ताच लिहून ठेवते.

16 मार्च 2025

मास्तर आणि मी यांच्यात तह झाला. प्रत्येक माहितीच्या बाजूला छोटी खूण. दगडाची खूण म्हणजे शिलालेख आहे, जाऊन बोट ठेवता येईल. कागदाची खूण म्हणजे दप्तरात, सनदेत, गॅझेटियरमध्ये आहे. तोंडाची खूण म्हणजे लोक सांगतात. लिंबच्या विहिरीचं साल: दगड. मेणवली नानांना 1768 मध्ये इनाम मिळालं: कागद. अफजलखानाचा नवस: तोंड. पंचगंगेला सरस्वती साठ वर्षांनी आणि भागीरथी बारा वर्षांनी प्रकट होते: तोंड.

यात कुणाला कमी लेखायचं नाही हे प्रस्तावनेत स्पष्ट लिहिलंय, कारण आजींच्या धुण्याच्या दगडांना पण तोंडाचीच खूण आहे आणि पुस्तकातली ती सगळ्यात चांगली दोन पानं आहेत. गाईडबुकं वाचून माझं नेहमीचं दुखणं हे की 'पांडवांनी एका रात्रीत बांधलं' आणि 'यादवकालीन हेमाडपंती' ही दोन्ही वाक्यं एकाच आवाजात येतात. वाचणाऱ्याने ठरवायचं कशावरून?

डिझाइनवालीचा आक्षेप: खुणा फार झाल्या, पान गोंधळतं. दर वाक्याला न देता परिच्छेदाला द्यायच्या.

20 एप्रिल 2025

डमी झाली. साधी झेरॉक्स, पिन मारलेली. ओळखीच्या एका कुटुंबाला दिली आणि वाईच्या घाटांवर सोडलं, आम्ही लांबून बघत बसलो (हेरगिरी). आई बाबा, दहावी दिलेली मुलगी, आजोबा.

निकाल. लांब परिच्छेद उन्हात कुणी वाचत नाही, घरी गेल्यावर वाचू म्हणतात. 'उभं कुठे राहायचं' हे मात्र चौघांनी मोठ्याने वाचलं आणि तसं जाऊन उभे राहिले. नकाशात उत्तर वर ठेवली होती, बाबांनी पुस्तक फिरवून फिरवून नदी ज्या बाजूला वाहतेय तसं धरलं. नकाशावाल्याने लगेच ठरवलं की सगळे नकाशे नदीच्या धारेप्रमाणे, वरची बाजू म्हणजे उगम. मुंबई पुण्याचे शहरी लोक बोंब मारतील पण घाटावर उभ्या माणसाला तेच सोपं. आजोबांनी सांगितलं टाइप बारीक आहे. ते तर सगळेच आजोबा सांगतात, पण वाढवतोय.

मुलीने विचारलं, "ताई, इथे पोहलं तर चालतं का?" हा प्रश्न आमच्या कुणाच्या डोक्यातच आला नव्हता. प्रत्येक थांब्यावर आता एक ओळ: पाण्यात उतरायचं की नाही, आणि पावसाळ्यात कुठल्या पायरीच्या खाली अजिबात जायचं नाही. बारव आणि विहिरींना सरसकट नाही.

27 मे 2025

घ्या. काल मान्सून मुंबईत पोचला, 26 मेला, 1950 पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर कधी आला नव्हता म्हणे. इकडे तर आधीपासूनच रोज धो धो. लिंबचं तळाचं फोटोसेशन, कराडला कोटातल्या नकट्या रावळाच्या विहिरीच्या खालच्या पायऱ्या, माहुलीचं वाळवंट, सगळं मे अखेरीला ठेवलं होतं. शेतकऱ्यांची तर उन्हाळी पिकं पाण्यात गेलीत, आपल्या फोटोंचं काय घेऊन बसलोय.

फोटोच्या जागी चित्रं घेऊ असं डिझाइनवाली म्हणाली आणि मोटेचं चित्र तिने रात्रीत काढून पाठवलं. नाडा, सोंदूर, चाक, कणा, थारोळं, धाव, सगळं नावासकट, बैल मागे चढताना. फोटोत हे कधीच आलं नसतं. आजोबांना व्हॉट्सॲपवर नातवामार्फत दाखवलं, त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली, मोटकरी नाड्यावर बसलेला दाखवा, उतरताना तो त्याचं वजन देतो. केली.

15 जून 2025

माहुली पटकन. साताऱ्याच्या पूर्वेला कृष्णा आणि वेण्णेचा संगम, नदीच्या एका काठाला संगम माहुली, दुसऱ्या काठाला क्षेत्र माहुली. रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव. राजघराण्यातल्या समाध्या इथेच, नदीपात्रालगत, पूर येतो गाळ बसतो, परत लोक उकरून काढतात. शाहू महाराजांच्या आवडत्या कुत्र्याची पण समाधी आहे आणि खरं सांगायचं तर पोरं तीच शोधतात. तिला नकाशात ठळक टिंब दिलंय.

एका हॉटेलवाल्यांचा फोन. मागचं कव्हर विकत घ्यायला तयार आहेत, पैसे चांगले, अट एवढीच की त्यांचा वॉटर पार्क एक थांबा म्हणून आत घ्यायचा. "मॅडम, ते पण पाणीच की." युक्तिवाद बिनतोड आहे हे मान्य. नाही सांगितलं. आता छपाईचे पैसे आगाऊ नोंदणीतूनच.

12 जुलै 2025

सकाळपासून ग्रुप पेटलाय. मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूचा जिंजी. प्रतापगड त्यात आहे. आनंद आहेच, कासनंतर जिल्ह्याला मिळालेला हा दुसरा मान, कासला 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर मिळाला होता. पण नकाशावाल्याचं लगेच सुरू, 'पाणी' थांबवू, आधी किल्ले काढू, आत्ता हातोहात जाईल.

मी विरोध केला. किल्ल्यांवर मराठीत पुस्तकांची कमी नाहीये, ट्रेकर मंडळींनी चपला झिजवून लिहिलेली उत्तम पुस्तकं आहेत, त्यात आपण घाईघाईने अजून एक घालून काय मिळवणार. पुढे कधीतरी करायचंच असेल तर किल्ल्यावरचं पाणी करू, टाकी, तळी, पावसाचं पाणी कुठून वळवलं आणि वर्षभर पुरवलं कसं. वेढा पडला की किल्ला किती दिवस तग धरणार हे तोफांइतकंच टाक्यांवर ठरायचं. मास्तर चक्क माझ्या बाजूने. नकाशावाला रुसला, संध्याकाळी परत आला.

20 ऑगस्ट 2025

पाऊस तुफान, नदी फुगलीय. मुद्दाम वाईला ढोल्या गणपतीच्या, म्हणजे महागणपतीच्याच, मागच्या भिंतीसाठी गेलो. 1762 चं देऊळ, गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेलं, घाटावर अगदी नदीला लागून. समोरून सगळे बघतात ती भली थोरली मूर्ती. मागे कुणी जात नाही. मागची भिंत सपाट नाहीये, मधे टोक काढलेलं, माशाच्या तोंडासारखं. पुराची धार देवळावर सरळ न आपटता दोन्हीकडे फाटावी म्हणून.

हे वाचलेलं होतं, ऐकलेलं होतं, पण आज पुलावरून लांबून बघितलं तेव्हा कळलं. लाल पाणी वरच्या अंगाने येतंय, टोकापाशी दुभंगतंय आणि भिंतीच्या बाजूने घसरत निघून जातंय, फेस दोन्ही बाजूंना रेघ धरून. अडीचशे वर्षांहून जास्त काळ ती भिंत हेच काम करतेय. व्हिडिओ घेतला. पुस्तकात व्हिडिओ कसा देणार तर क्यूआर कोड. मला क्यूआर कोडांचा कंटाळा आहे, हल्ली लग्नपत्रिकेत पण असतात, पण इथे एक मान्य. फक्त एक.

या देवळाची एंट्री पूर्ण नव्याने लिहिली. आता सुरुवातच 'देवळाच्या मागे जा' अशी.

14 सप्टेंबर 2025

प्रेस. 80 पानं म्हणजे 16 पानी पाच फॉर्म, बरोबर बसलं. आर्ट पेपर नको म्हटलं, चकचकीत कागदावर उन्हात काही वाचता येत नाही आणि पेनाने लिहिता पण येत नाही. साधा नॅचरल शेड. सेंटर पिनने पुस्तक उघडं राहतं, त्यामुळे पिनच. प्रेसवाले काका म्हणाले पितृपक्षात छपाईला टाकू नका. खरं कारण मशीनवर रांगेत असलेले दिवाळी अंक, पण मास्तरांना पितृपक्षाचं कारण पटलं म्हणून मी काही बोलले नाही.

प्रूफात जोडाक्षरं फुटलीत, नेहमीचं. 'श्व' आणि 'ष्ण' यांचा विशेष छळ, म्हणजे नेमकं काशीविश्वेश्वर आणि कृष्णा. पुस्तकभर कृष्णाच कृष्णा! डोळ्यात तेल घालून बघतेय.

12 ऑक्टोबर 2025

गठ्ठे आले. आगाऊ नोंदणीवाल्यांना कुरिअर सुरू. वाईतल्या दोन दुकानांत, मेणवलीच्या चहावाल्याकडे, आणि भिलारला. भिलार म्हणजे पुस्तकांचं गाव, 2017 च्या मे महिन्यात सुरू झालं, घराघरांत पुस्तकं ठेवलेली, कुणीही जाऊन बसून वाचावं. तिथे वाचायला काही प्रती ठेवल्यात.

मेणवलीच्या आजींना प्रत द्यायला गेलो. वाचता येत नाही म्हणाल्या, पण चित्रात घाट ओळखला, मग पायरी ओळखली, मग स्वतःचा दगड शोधला. तो चित्रात एक पायरी वर निघाला तर म्हणे "ह्यो पावसाळ्यातला काढलाय व्हय." चित्र डिसेंबरचं होतं. दुसऱ्या आवृत्तीत पाण्याच्या पातळीचा महिना पण लिहायचा.

पहिल्या तक्रारी: नकाशा उलटा आहे (तीन जण, तिघेही पुण्याचे), जेवायची ठिकाणं नाहीत, आणि एकाने विचारलं टेबललँड कसं विसरलात.

7 नोव्हेंबर 2025

साताऱ्यात. दुसऱ्या पुस्तकाचा विषय पक्का, अक्षर. आज मुद्दाम प्रतापसिंह हायस्कूलला आलो, कारण 1900 साली याच तारखेला बाबासाहेब आंबेडकर इथे शाळेत दाखल झाले, रजिस्टरला 1914 नंबरला 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद आहे, आणि राज्यात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. शाळेत कार्यक्रम होता, गर्दी, भाषणं. दगड कागद तोंड या खुणांत इथे कागद, आणि तोही असा.

यादी करायला बसलो तर हा विषय पाण्यापेक्षा मोठा निघतोय. खंडाळा तालुक्यातलं नायगाव, सावित्रीबाईंचं. जोतिरावांचं मूळ गाव कटगुण. कराडजवळचं काले, जिथे 1919 मध्ये भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. वाईची प्राज्ञपाठशाळा, आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींमुळे वाईला आलेलं मराठी विश्वकोशाचं काम. भिलार. एवढ्याशा जिल्ह्यात एवढं सगळं, आणि जिल्हा दर्शनात या सगळ्याला मिळून अर्धं पान नसतं.

इथे 'उभं कुठे राहायचं' हाच प्रश्न अवघड होणार, कारण घाट दिसतो, विहीर दिसते, शिकणं दिसत नाही. काल्याला किंवा कटगुणला गाडीतून उतरलेल्या माणसाला नेमकं काय दाखवायचं? पुतळा आणि पाटी दाखवून भागणार नाही. डिझाइनवाली म्हणतेय शाळेचं रजिस्टर, बोर्डिंगची खोली, विश्वकोशाच्या नोंदीचं कार्ड अशा वस्तू धरून जाऊ, प्रत्येक थांब्याला एक वस्तू. सुरुवात म्हणून ठीक आहे.

औंध घ्यायचं का यावर मास्तरांशी उद्या वाईला चहावर भांडायचंय, त्यांना तिथलं भवानी संग्रहालय हवंय, मी म्हणतेय तो चित्रांचा विषय, त्याचं वेगळं पुस्तक. नायगावला 3 जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीची प्रचंड गर्दी असते, तेव्हाचे फोटो हवेतच, पण शांतपणे बोलायला डिसेंबरात आधी एकदा जाऊन यायचं. गाडी नकाशावाल्याची, डिझेलचा खर्च चौघांत.